मुधोळला लावलेला लायटनिंग

कोणत्या घराला काय लागतं हे ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या आदिलाबादेत कुणी नव्हता. कुकर किती लिटरचा, पलंग किती फुटी, पंखा कोणत्या खोलीत, लोक मला विचारून घेत. म्हणजे मी न विचारता सांगत असे, पण ऐकून घेत! त्यामुळे सत्त्याऐंशी साली आमच्याकडे टेलिफोन आला, तेव्हा ट्रंक कॉल कोणत्या वेगाचा लावायचा हे ठरवायला मी एकटा पुरेसा होतो.

तेव्हा बाहेरगावचा फोन आपला आपण लागत नसे. एक्स्चेंजला सांगायचं, मग ते जोडून देत. त्यात तीन वेग. ऑर्डिनरी म्हणजे सकाळी सांगा आणि संध्याकाळपर्यंत हवं ते करा. अर्जंट म्हणजे जेवणवेळेपर्यंत लागेल अशी आशा धरा. आणि लायटनिंग म्हणजे बाकी सगळ्यांना बाजूला सारून तुमचा कॉल आधी. दरही तसेच चढत जात.

पहिला कॉल कुठे, यावर घरात वाद नव्हता. बायको, आशा, नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी झाली. बारसं दोन दिवसांवर आलं होतं आणि आशाचे वडील, मुधोळचे यशवंतराव, म्हणजे आमचे तात्या, रुसून बसले होते. कारण आमच्या लग्नाचा फोटो. त्या फोटोत तात्यांचा अर्धा फेटा आणि एक कान एवढंच आलं होतं. ‘पोरीच्या बापाले कापलं’ म्हणून ते दिवाळीला आले नाहीत की त्यांनी पहिल्या बाळंतपणाला लेकीला माहेरी नेलं नाही. लेकही त्यांचीच. ‘नेत नाई तं राहू द्या’ म्हणाली आणि इथंच बाळंत झाली. दोन पत्रं धाडली, त्यांना उत्तर आलं नाही. बाळाला पाजताना ती डोळे पुसायची आणि मी पाहिलं की सर्दी झाली म्हणायची.

“एकडाव माह्या तोंडून आयकलं तं येतीन ते,” आशा म्हणाली. “तात्या नसन तं मले ते बारसं गोड लागनार नाई.”

“मंग लाव साधा फोन,” माझी आई, जयवंताबाई, म्हणाली. “बुढा का पळून चालला कुठी?”

“अर्जंट लावा,” आशा म्हणाली.

मी दोघींकडे दयेनं पाहिलं. “कुटुंबाची गरज पाहून वेग ठरवायचा असतो. ऑर्डिनरी लागेपर्यंत तात्या वावरात गेलेले असतील. अर्जंट लागेपर्यंत जेवून झोपलेले असतील. अन् झोपेतून उठवलेले तात्या कसे बोलतात ते तुमाले माहीत हाय. लायटनिंग!”

एक्स्चेंजमधल्या माणसाला मी मुधोळच्या पोस्टाचा नंबर सांगितला आणि यशवंतरावांना बोलावून आणायला सांगितलं. त्यानं विचारलं, “लायटनिंग, साब? घर का मामला है क्या?”

“हाँ, एकदम घर का.”

“हौ साब,” तो फार मऊ आवाजात म्हणाला. “सब्र रखो. ऊपरवाले की मर्जी. अब्बी लगाता.”

सरकारी खात्यात इतकं प्रेम मी जन्मात पाहिलं नव्हतं. लायटनिंगवाल्यांना कशी वागणूक मिळते पाहा, असं मी आईला डोळ्यांनीच सांगितलं.

आणि खरंच, आशा पदर सारखा करते न करते तोच मुधोळ लागलं. पोस्टातले डोमाजी फोनवर होते. “कोन? आदिलाबाद? लायटनिंग?” एवढंच म्हणाले आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून पळाले. त्यांच्या चपलांचा आवाज मला ऐकू आला. मग बराच वेळ काही नाही. आणि मग, लांबून जवळ येत, बायांचं रडणं! एक नाही, दोन नाही, गल्लीच्या गल्ली रडत होती. मी “हॅलो, हॅलो” म्हणेपर्यंत कॉलची तीन मिनिटं संपली आणि फोन कटला.

मुधोळात कुणीतरी गेलं होतं!

“काय झालं?” आशानं विचारलं. खोटं बोलणं मला जमत नाही, त्यातून ओल्या बाळंतिणीसमोर तर मुळीच नाही; ऐकलं ते सांगितलं. ती मटकन खाली बसली. “तात्या?” म्हणाली. “का आई? सांगा नं, कोन?”

मी पुन्हा कॉल मागितला. एक्स्चेंजवाला म्हणाला, “उधर कोई उठाताच नहीं, साब.” आशा बाळाला दुपट्यात गुंडाळून मुधोळला निघायला उभी राहिली. आईनं तिला खांद्याला धरून बसवलं आणि मला दाराबाहेर ढकललं. “तू जाय. अन् काई असो, खरं कळव.”

निर्मळपर्यंतच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून तात्यांची आठवण काढत होतो. माणूस मोठा होता. रागीट होता, पण मोठा होता. निर्मळच्या स्टँडवर उतरलो, मुधोळच्या वाटेवरची, भैंशाकडची गाडी कुठे लागते ते शोधायला लागलो, तर समोर एक जीप रेडिएटरमध्ये पाणी भरून घेत उभी. जीपमध्ये मुधोळची माणसं दाटीवाटीनं बसलेली. पुढच्या सीटवर डोमाजी, गळ्यात पोस्टाची किल्ली. फोन उचलायचा तो माणूस इथं बसून नाक पुसत होता!

आणि जीपच्या मागून तात्या आले. मला पाहिलं आणि धावत येऊन माझ्या गळ्यात पडले. ज्या माणसानं दीड वर्ष माझ्याकडे पाहिलं नव्हतं, तो माझ्या खांद्यावर हुंदके देत होता. मला वाटलं, गेल्या त्या सासूबाई. मीही गळा काढला.

“जावईबापू, कसं झालं हो?”

“ते तुमीच सांगा, तात्या. आई कशानं गेल्या?”

“कोनाची आई?”

तेवढ्यात जीपमधून सासूबाई, वच्छलाबाई, स्वतःच खाली उतरल्या. छातीशी एक गाठोडं धरलेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, तात्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मंग लायटनिंग काऊन लावला?” तात्यांचा आवाज हळूहळू त्यांचा स्वतःचा होत होता. “आमच्या गावात लायटनिंग फकत मयताचा येते. डोमाजी बोंबलत आला. मी पोस्टात गेलो, पन माह्या हातून फोन उचलल्या गेला नाई. काय आयकू म्हनलं? पोरगी बाळातीन... ” त्यांनी माझे दोन्ही दंड धरले. “माही पोर जित्ती हाय?”

“हाय, तात्या. ठणठणीत हाय. तुमाले बारशाले बोलवासाठी लावला होता.”

स्टँडवर मला ज्या शिव्या मिळाल्या त्या इथं छापता येणार नाहीत. निम्म्या तेलुगूत होत्या, कारण मराठीतल्या संपल्या होत्या. डोमाजींनी सरकारी नोकर म्हणून दोन-चार आपल्याकडून घातल्या. मग तात्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, “फिरव गाडी. चाला वापस.”

आशाला जाऊन काय सांगणार होतो मी? सगळे बरे आहेत, तात्या निर्मळपर्यंत आले आणि माघारी गेले?

वच्छलाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी स्टँडच्या कट्ट्यावर गाठोडं ठेवलं आणि सोडलं. आत झबली, टोपडी आणि एक छोटीशी गोधडी होती. “पोरीले दिवस गेले तवापासून शिवून राह्यली मी,” त्या म्हणाल्या. “तुमच्या भेवानं धान्याच्या कनगीमागं ठिवलं होतं. मी काई वापस येत नाई. तुमी जा.”

तात्या त्या टोपड्याकडे बघत राहिले. त्यांच्या तळहाताएवढंही नव्हतं ते. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि कुणाकडेही न बघता ड्रायव्हरला म्हणाले, “गाडी आदिलाबादलेच घे. पानी भरून झालं नं?”

दारात आशा उभी होती. बापाला पाहून ती जे रडली, त्यापुढे फोनमधलं रडणं काहीच नव्हतं. तात्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि बारसं होईपर्यंत खाली ठेवलं नाही. सगळी जीप दोन दिवस आमच्याकडे जेवली. आईनं कुरकुर न करता भाकरी थापल्या. त्या एक्स्चेंजवाल्याला, पोस्टाला कुलूप लावून निघाल्यानं माझा दुसरा फोन न उचललेल्या डोमाजींना, गाठोडं लपवणाऱ्या सासूबाईंना मी आजही मनातून हात जोडतो. माझ्या अकलेनं जे बिघडवलं ते या लोकांनी निस्तरलं.

निघताना तात्यांनी मला बाजूला घेतलं. “जावईबापू, आता साधा फोन लावत जा. मी साध्यालेबी येईन.”

मी ऐकलं. पुढच्या दिवाळीला सकाळीच ऑर्डिनरी कॉल मागून ठेवला. दिवे लागायच्या वेळी तो लागला. पलीकडून डोमाजी ओरडले, “यशवंतराव गावात नाईत! सकाळच्या बसनं आदिलाबादले गेले!”

मी रिसीव्हर हातात धरून मागं वळलो. तात्या नातीला मांडीवर घेऊन करंजी खात होते. “कोनाचा फोन हाय?” त्यांनी विचारलं.

“तुमचाच,” मी म्हणालो.