रुपेरी इंजिन सेल घेईना, त्याची हकीकत

श्री. विघ्ने हरणारास नमन, आणि हरावयास विलंब लावितो म्हणोन लहानसा रुसवाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास. ते समयी एका राज्यात, ज्याची हद्द अडीच खोल्या व एक पत्र्याची शेड इतकीच, सरकार व बाईसाहेब नांदत होते, आणि राज्याचे वाहन एक, तीस वर्षांची पांढरी मोटार. सरकारांची छाती धापेने पोखरलेली, जिना सुटलेला, परंतु मोटारीवर लोभ पोटच्या लेकरासारिखा. मोटार धूर ओकू लागली तेव्हा रसूल उस्ताद मिस्त्री यांस पाचारण केले, आणि त्यांनी इंजिन उतरविले, पिस्टन-रिंगा नव्या घातल्या, आणि आता चढवावयाचे तो खंडेनवमी आली. शस्त्र पूजावयाचे ते उजळ असावे, म्हणोन सरकार स्टुलावर बैसले आणि डबाभर रुपेरी रंग आपल्या हाते इंजिनास दिला, धाप लागे तेथे थांबत, दिवस मावळेतो, आणि झेंडू वाहिला, आणि मुद्रा ऐसी प्रसन्न की बाईसाहेबांनी वर्षात पाहिली नव्हती.

मग उस्तादांनी इंजिन चढविले, आणि चार रोज मोटार बरी चालली. पाचवे रोजी किल्ली फिरवोन सेल मारिला तो इंजिनाने, आजाऱ्याने उशीवरून मान उचलावी तैसे एकवार केले आणि पडले. त्याच दिवशी गावाहून भाच्याचा फोन आला, "मामा, आक्कानं जेवण सोडलंय. तुमचं नाव घेतीय. या." गोदूआक्का ही सरकारांची थोरली बहीण, आई निवर्तल्यावर हिनेच वाढविले. बाईसाहेब म्हणाल्या, "भाड्याची गाडी सांगते." सरकार बोलिले, "माझ्या गाडीतून फिरवीन म्हणून शब्द दिलाय तिला. भाड्याच्या गाडीतून उतरू होय तिच्या दारात?"

"शब्द दिलात तेव्हा तुमच्यात दम होता."

"गाडीत भरलाय की नवा."

येथे राज्य बुडाले, परंतु बुडताना कोणास कळत नाही. मग उस्ताद आले, आणि प्लग बदलले, आणि कार्बोरेटर धुतला, आणि बॅटरी नवी आणविली, आणि टायमिंग दोनदा पाहिले, आणि म्हणाले, "नवं काम आहे, अंगानं घट्ट असतंय. सैल होईल." ते सैल होईना. फोन आल्यापासोन तिसरे रोजी गल्लीने धक्का मारिला, इंजिन धडधडले, बाईसाहेबांनी गाडी हाकली, शिकवणीवाचून शिकल्या होत्या तरी बरी हाकली, आणि रेल्वेचे फाटक मिटले होते तेथे इंजिन आपोआप निवाले आणि पुन्हा सेल घेईना. मग टेंपोस दोर बांधोन परत आणिले, आणि सरकार आत बैसोन, टेंपोच्या फळीवर 'पुन्हा भेटू' लिहिले होते ते वाचीत राहिले.

चौथे रोजी सकाळी फोन, "मामा, गेली." बाईसाहेबांनी विचारिले, "आता तरी भाड्याची सांगू?" सरकारांनी भिंतीकडे तोंड केले.

त्या पाठीसमोर बैसवेना म्हणोन बाईसाहेब शेडीत आल्या, आणि उस्तादांस म्हणाल्या, "मारा सेल, मी नुसता हात लावून बघते कुठे कुठे." आणि बॅटरीहून इंजिनास जाते ती जाड काळी तार चाचपीत गेल्या, तो इंजिनाकडील बोल्टापाशी चटका बसला. उस्तादांनी बोल्ट खोलिला. खाली लोखंड नव्हते, रुपेरी रंग होता. विजेस वाट हवी ती रंगाने अडविली होती; चार रोज बोल्टाच्या आट्यांतून कशीबशी निभावली, मग तीही खुंटली. उस्ताद खाली बैसले. "ते रंगवत होते तेव्हा मी इथंच उभा होतो, भाभी. एवढी जागा सोडा म्हणायला जीभ उचलली नाही. इतके खुशीत होते." मग स्क्रूड्रायव्हरने रुपयाएवढी जागा खरवडली, तार आवळिली, आणि अर्ध्या सेलास मोटार सुरू जाहली.

सरकार भिंत धरीत दारात आले. "काय निघालं?"

"बोल्ट ढिला होता. माझी चूक, साहेब."

सरकारांनी उस्तादांच्या नखांतला रुपेरी रंग पाहिला, आणि मागे फिरले.

त्या रोजी सरकार निघालेच नाहीत. दहाव्यास मोटार गावी गेली, वाटेत एकदाही न रुसता. भाच्याने सरकारांस धरोन उतरविले आणि, मनात काही नसता, सांगू लागला, "दोन दिवस दाराकडं तोंड करून निजली होती. गाडी वाजली की विचारायची, आला का. म्हटलं, मामाची गाडी चालू होईना झालीय. तर म्हणली, मग एसटीनं यायचं की. गाडी कुणाला बघायचीय."

बाईसाहेबांनी सरकारांची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

येणेप्रमाणे घडले, तैसे लिहिले. शहाणपण यात शोधू नये. मोटार हल्ली पहिल्या सेलास सुरू होते. जावयाचे कोठे नाही.