यादीत नसलेला मॉनिटर

काळ्या मसाल्याची बरणी संपली, त्या दिवशी विजयमाला गेल्याचं रंगनाथला खरं कळलं. तोवर आमटीला तिच्या हातची चव होती. आता चमचा बरणीच्या तळाला खडखडला.

मसाल्याचं प्रमाण कॉम्प्युटरमध्ये होतं. विजयमालाने पन्नाशीत एमएससीआयटी केली होती आणि तेव्हापासून घरातलं सगळं ती त्यातच लिहून ठेवायची. पण तो आता सुरूच होईना. देवळाली प्रवऱ्याहून भाची धनश्रीने लिनक्स या दुसऱ्या सिस्टीमची जुनी सीडी पाठवली आणि फोनवर बजावलं, "मामा, हे जुन्याच्या शेजारी बसवायचं. मामींच्या फायली जशाच्या तशा राहतील."

निम्म्यात पडद्यावर प्रश्न आला, मॉनिटर कोणता? खाली लांबलचक यादी. मिलिटरीच्या लिलावात घेतलेला रंगनाथचा अवजड डबा तिच्यात नव्हता.

"शेवटी 'यादीत नसलेला' असं असेल बघा. ते निवडा आणि चित्राच्या मापाचा सगळ्यात लहान आकडा द्या," धनश्री फोनवर म्हणाली.

"बिननंबरी? जमायचं न्हाई."

रंगनाथने भिंगारच्या मिलिटरी डेपोत तीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. तिथे नंबराशिवाय साधा नटसुद्धा जागचा हलत नसे.

मॉनिटरच्या पाठीवर नंबराची पट्टी होती. पण विजयमाला दर खंडेनवमीला शिलाई मशीन, पाने, पक्कड यांच्या जोडीला मॉनिटरचीही पूजा करायची आणि हळदकुंकवाची बोटं नेमकी त्या पट्टीवर ओढायची. अकरा वर्षांचा थर बसला होता.

"वल्लं फडकं मार की," शेजारचा बन्सी म्हणाला. तोही डेपोतलाच.

"तिचा हात हाय त्यो."

"मग तिच्या हातची आमटी खायची का न्हाई?"

रंगनाथने पुसलं नाही. यादीतला एक दांडगा मॉनिटर निवडला. डब्याने शिट्टी मारली, चित्र वाळत घातलेल्या धोतरासारखं फडफडलं आणि अंधार झाला. दुसरा निवडला, तर अर्धं चित्र उजवीकडे गडप झालं.

"निम्मा कॉम्प्युटर भिंतीपल्याड बनुबाईकडं गेला बघ."

"तिच्याकडं नगं. तिच्या मसाल्याला भुश्शाची चव!"

हे रंगनाथ वीस वर्षं म्हणत आला होता, तेही बनुबाईला ऐकू जाईल अशा बेताने. त्यामुळे ती त्याच्याशी बोलत नसे.

पाचव्यांदा अंधार झाला, तेव्हा तो उठला. फडकं भिजवलं, तोंड दुसरीकडे केलं आणि पट्टी पुसली.

खाली नंबर नव्हताच. लिलावाआधी विकाऊ मालाचे नंबर खरवडायचे, हा डेपोचा नियम. आणि त्या साली ते काम रंगनाथकडेच होतं.

"लई नीट खरवडलाय गड्या," बन्सी म्हणाला.

रंगनाथने फडकं बाजूला टाकलं. 'यादीत नसलेला' निवडला, सगळ्यात लहान आकडा दिला. पडदा एका दमात उजळला. अक्षरं हरभऱ्याएवढी, पण सरळ. 'काळा मसाला' नावाची फाईल सापडली, उघडली. आत एकच ओळ होती.

'बनुबाईकडून अडीच किलो. ह्यांना सांगू नये.'

बन्सी हसता हसता खालीच बसला.

"दात काय काढतो? बरणी धू."

बरणी धुऊन वाळली आहे. पट्टीवर रंगनाथने स्वतः कुंकवाचं बोट ओढलं, जरा वाकडंच. बनुबाईच्या दारात जायचं तेवढं राहिलं आहे.