पांढऱ्या नोटेवरची सही

चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत पन्नास पेन्सला घेतलेल्या पुस्तकातून ती नोट खाली पडली, आणि क्लिफर्ड हॅलस्टेड पुढची दहा मिनिटं स्वयंपाकघरात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिला. पांढरी पाच पौंडांची नोट होती, युद्धकाळातली.

"युद्धात आपल्याला बुडवायला जर्मनांनी छापलेली आहे ही, ब्रेंडा," तो बायकोला म्हणाला. "खोटी. शंभर टक्के खोटी."

"मग नाचतोस कशाला?"

"अगं, खऱ्या काय, कुणाकडेही असतात. शत्रूने छापलेली खोटी आपल्या टॉडमॉर्डनमध्ये आहे कुणाकडे? शनिवारी ढाल माझी."

नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळात दरवर्षी सर्वांत आगळ्या नोटेला मिळणारी ती ढाल अकरा वर्षं गॉर्डन ॲक्रॉइडच्या दिवाणखान्यात मुक्काम ठोकून होती. ती एकदा तरी आपल्या घरी यावी, एवढीच क्लिफर्डची या जन्मीची इच्छा उरली होती. त्याने नोट उलटली आणि मटकन खाली बसला.

त्या काळी पाचाची नोट म्हणजे आठवड्याचा पगार. दुकानदार ती घेण्याआधी गिऱ्हाईकाला मागे नाव-पत्ता लिहायला लावत. या नोटेच्या मागे शाईने लिहिलं होतं: हर्बर्ट ॲक्रॉइड, ९ वॉटर लेन. म्हणजे गॉर्डनचे आजोबा. गावचे खाटीक, प्रार्थनामंदिराचे आधारस्तंभ.

क्लिफर्डला इतका आनंद झाला की त्याने बिस्कीट चहाऐवजी पाण्याच्या ग्लासात बुडवलं. शनिवारपर्यंत गप्प बसला असता तर बरं होतं, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. हर्बर्टने खोटी नोट खपवल्याचं सकाळी तो पेपरवाल्याकडे बोलला, दुपारी पोस्टाच्या रांगेत, संध्याकाळी पबमध्ये. "असल्या माणसाची नातवंडं गावात मान ताठ करून फिरतात," हेही वर जोडलं. शुक्रवारी ती बातमी त्याच्याकडेच परत आली, तेव्हा हर्बर्ट ॲक्रॉइडच्या तळघरात जर्मनांचा छापखाना निघाला होता.

बातमीपाठोपाठ गॉर्डनही आला.

"माझ्या आजोबांनी आयुष्यात सॉसेजसुद्धा कधी वजनात कमी दिलं नाही," तो दारातूनच म्हणाला. "ती नोट खरी निघू दे, मग बघतो तुला."

"आणि खोटी निघाली तर?"

"तर मी गाव सोडतो."

"सामान बांधायला येईन हो मदतीला," क्लिफर्डने दार लावून घेतलं.

शनिवारी प्रार्थनामंदिराच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. ज्यांना नोटांमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तेही तासभर आधी येऊन बसले होते. लीड्सहून आलेल्या परीक्षक वेदरॉल बाईंनी भिंग लावलं, नोट उजेडात धरली, तिचा कागद बोटांत चाचपला.

"नोट खरी आहे," त्या म्हणाल्या.

क्लिफर्डचं तोंड एवढंसं झालं. गॉर्डन जागेवरून उठला, पुढे गेला, आणि नोटेची मागची बाजू पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पण हे अक्षर आमच्या आजोबांचं नाही. थांबा, आत्ता दाखवतो. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

याच सभागृहाच्या कपाटात गावच्या भाजीमळे मंडळाची जुनी इतिवृत्तं होती. हर्बर्ट त्या मंडळाचे वीस वर्षं अध्यक्ष. गॉर्डनने धूळ झटकत युद्धकाळातली वही आणली. प्रत्येक पानाखाली अध्यक्षांची सही होती, ठसठशीत आणि डावीकडे झुकलेली. नोटेवरच्या सहीशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

बाई मात्र सही सोडून वरच्या मजकुरावर वाकल्या. कोबीवरच्या किडीबद्दल कुणीतरी पानभर लिहिलं होतं.

"अक्षर इथे आहे की," त्या म्हणाल्या. "प्रत्येक ए-ला डुकराच्या शेपटासारखा पीळ. नोटेवर तोच, वहीत तोच. मंडळाच्या कुणीतरी अध्यक्षांच्या नावावर खरेदी केलीय. रेशनबाहेरचं काहीतरी असणार, नाहीतर नाव कोण लपवतो? खरी नोट, खोटी सही, आणि पुरावा त्याच गावात! तीस वर्षांत असं पाहिलं नाही मी. ही वही कुणी लिहिली ते सिद्ध झालं, तर ढाल या नोटेला."

वहीत लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं.

क्लिफर्डने पुढे वाकून वही पाहिली. तो पीळ त्याने लहानपणापासून वाढदिवसाच्या प्रत्येक पत्रात पाहिला होता; नोटेवर मात्र नावाच्या आनंदात अक्षराकडे बघितलंच नव्हतं. ब्रेंडानेही तो ओळखला असावा, कारण तिने त्याचं कोपर घट्ट धरलं.

"गप्प बस," ती पुटपुटली. "चार दिवस त्या हर्बर्टचा उद्धार करत होतास. तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

क्लिफर्डने स्वतःच्या आजोबांचा विचार केला. भला माणूस होता. त्याच्या खिशात नेहमी पेपरमिंट असायचं. मग त्याने ढालीकडे पाहिलं. ती हातभर अंतरावर चमकत होती.

"माझे आजोबा," तो इतक्या जोरात उठला की खुर्ची मागे पडली. "अर्नेस्ट हॅलस्टेड, भाजीमळे मंडळाचे सचिव. पक्का लबाड माणूस. पत्रांचा गठ्ठा आहे घरी, आत्ता आणतो."

आणि तो धावत सुटला.

पत्रं जुळली. बाईंनी स्वतः ढाल त्याच्या हातात दिली. लोकांनी हसत हसत टाळ्या वाजवल्या. ब्रेंडा तेवढी छताकडे बघत होती. ढाल घरी नेण्याआधी मंडळाच्या रजिस्टरमध्ये सही करायची असते. गॉर्डनने रजिस्टर उघडून पुढे सरकवलं, स्वतःच्या पेनाचं टोपण काढून दिलं, आणि तो क्लिफर्डच्या खांद्यावरून वाकून उभा राहिला.

"कर सही," तो म्हणाला. "फक्त नाव स्वतःचं लिही."