आदरार्थी बहुवचनातला मासा

आमच्या शेजारचे आठल्येकाका जगातल्या यच्चयावत माणसांना अरे-तुरे करतात आणि एका माशाविषयी आदरार्थी बहुवचनात बोलतात. दूधवाला, डॉक्टर, बँकेचा मॅनेजर, मत मागायला आलेला उमेदवार, सगळे "अरे". मासा मात्र "ते". "आज ते जेवले नाहीत." "सकाळपासून त्यांचं काहीतरी बिनसलंय." "त्यांनी दगड हलवायला घेतलेत, आता कुणी समोर उभं राहू नका."

सदाशिव पेठेत राहायला आलो त्या आठवड्यातच काकांनी मला जिन्यात अडवलं. "मासे झोपलेत. चपला वाजवू नकोस." नाव नाही, गाव नाही, थेट चपला. मी घरी जाऊन निखिलला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं की शेजारी माशांची मोठी टाकी आहे. त्याला अशा गोष्टींची हौस, म्हणून संध्याकाळी बघायला गेलो. टाकी खरंच मोठी होती, पलंगाएवढी. आत दगडांचा ढीग आणि त्यातून आमच्याकडे रागानं बघणारा एकच मासा.

"बाकीचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"बाकीचे कोण?"

"तुम्ही 'मासे झोपलेत' म्हणालात ना."

"मग? तुझे वडील आले की तू 'वडील आला' म्हणतेस?"

काकांनी जन्मभर शाळेत मराठीचं व्याकरण शिकवलं. शाळा सुटली, व्याकरण नाही सुटलं. एकदा टिळक रोडवर एका स्कूटरवाल्यानं त्यांना कट मारला आणि वर शिवी हासडली. काकांनी त्याला सिग्नलला गाठलं आणि शिवीतलं लिंग चुकल्याचं उदाहरणासह समजावून सांगितलं. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला म्हणे. स्कूटरवाला शेवटी "सॉरी सर" म्हणाला, तर त्याला सॉरीला मराठी शब्द विचारला.

असा माणूस त्या माशाला ट्रिगरफिश कसा म्हणेल? त्यांनी नाव केलं चापमासा, आणि ते रूढ झालं नाही याबद्दल ते उभ्या महाराष्ट्राला जबाबदार धरतात. चाप म्हणजे बंदुकीचा. या माशाच्या पाठीवर एक जाड काटा असतो. धोका दिसला की तो खडकाच्या भोकात शिरतो आणि काटा उभा करतो. मागचा छोटा काटा त्याला खालून अडकण घालतो. मग मोठा काटा कितीही दाबा, हलत नाही, आणि मासा भोकातून निघत नाही. छोटा काटा जरासा दाबला की मात्र मोठा आपोआप आडवा होतो. हे सगळं काकांनी आम्हांला पहिल्याच भेटीत हाताच्या बोटांनी करून दाखवलं. चहा त्यानंतर आला.

दिसायला मासा देखणा, यात वाद नाही. अंग काळं, पोटावर रुपयाएवढे पांढरे ठिपके, पाठीवर पिवळी जाळी आणि ओठ असे पिवळेधमक की हळदीच्या दिवशी कुणीतरी हात आवरला नसावा. शेपूट फारशी हलवत नाही. वरचा आणि खालचा पर हलवत तो सावकाश तरंगत येतो, सोसायटीच्या मीटिंगला उशिरा येणाऱ्या माणसासारखा. डोळे दोन, पण त्यांचं आपसात बोलणं नाही. एक कोळंबीवर असतो, दुसरा तुमच्या बोटावर. दात असे की खेकड्याचं कवच सुपारीसारखं फोडतो. टाकीचं झाकण उघडं दिसलं की वर येऊन पिचकारी मारतो. निखिलच्या चष्म्यावर मारली, तेव्हा काका म्हणाले, "त्यांना तू आवडलास." मग निखिलनं बोट पुढे केलं, आणि त्यानंतर आम्ही डॉक्टरकडे गेलो.

या माशाला घरी आणलं कुसुमकाकूंनी. काकू म्हणजे काकांच्या बायको, गोल चेहऱ्याच्या, सतत काहीतरी मजेदार आठवल्यासारख्या हसणाऱ्या. कुठलंसं माशांचं दुकान बंद होत होतं. सगळे मासे विकले गेले, हा एकटा उरला, कारण तो शेजाऱ्यांना फाडून खायचा आणि गिऱ्हाइकांना चावायचा. दुकानदार म्हणाला, "बाई, हा कुणाशी पटवून घेत नाही." काकू म्हणाल्या, "अशाची मला सवय आहे."

काकू मला हे सांगत असताना काका शेजारीच बसले होते. त्यांनी फक्त "पटवून घेणे हा वाक्प्रचार बरोबर वापरलास" एवढाच शेरा मारला.

आता काकूंच्या पिढीची बाई नवऱ्याला नावानं हाक मारणार नाही. त्या काकांना "अहो" म्हणत. आणि मासा स्वभावानं, चेहऱ्यानं आणि जेवायच्या वेळच्या अधीरपणानं काकांवर गेलेला असल्यामुळे त्यालाही "अहो"च म्हणत. आमची भिंत एकच, त्यामुळे वर्षानुवर्षं रोज दुपारी मी हे ऐकलं. आधी काचेवर चमच्याची टकटक. मग काकूंचा तो वर चढत जाणारा आवाज: "अहोऽ, जेवायला या!" आणि आतल्या खोलीतून काकांचं ठरलेलं उत्तर: "आलो. हात धुतो." एका हाकेवर दोघंही यायचे, एक काचेशी, दुसरा पाटाशी. काकू म्हणायच्या, "दोघांत एक बरा आहे. मासा भाजीला नावं ठेवत नाही."

आदरार्थी बहुवचनाचं मूळ हे. काकांना त्या हाकेचा राग नव्हता, त्यांना फक्त वाक्य पूर्ण शुद्ध हवं होतं. "एकदा 'अहो' म्हटलं की पुढे 'ये' येणार नाही, 'या'च येणार. आणि समोर 'या' म्हणून पाठीमागे 'आला' म्हणणं हा दुटप्पीपणा आहे." झालं, त्या दिवसापासून मासा "ते" झाला.

काकू गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. आजार मोठा नव्हता, गेल्या मात्र झटकन. मूलबाळ नाही. घरात काका आणि "ते" उरले.

काकांनी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कोळंबी विकत आणली. घर असं कडक की तिथे कांदासुद्धा बिचकत यायचा, कोळंबी फक्त माशाची म्हणून काकू आणत. काका मंडईतून आधी पालक घेत, मग मासळी बाजारात जात आणि पिशवीत कोळंबी खाली, पालक वर अशी रचना करत. वासाचं काय करायचं, हे त्यांना कळलं नव्हतं. जिन्यात कुणी नाक मुरडलं तर "पालक जरा शिळा निघाला" म्हणत. कोळणीला त्यांनी "कोळंबी ताजी आहे की आहेत?" असं विचारलं होतं. ती म्हणाली, "आजोबा, घ्यायची का नाही ते बोला."

काका माशाला रोज जेवू घालत. चिमट्यात कोळंबी धरून "आपण घ्यावं" म्हणत. पण "अहो" हा शब्द मी भिंतीपलीकडून पुन्हा ऐकला नाही. चमच्याची टकटकही नाही. बाकी सगळं व्याकरण जागच्या जागी होतं.

त्यात बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी घरं रिकामी करायची, नवी इमारत होईपर्यंत शहराबाहेरच्या मांजरी गावातल्या बिल्डरच्या फ्लॅटमध्ये राहायचं. आम्ही सगळे खूष. माझे गुडघे तर लिफ्टच्या नुसत्या विचारानं बरे व्हायला लागले होते. काकांनी मीटिंगमध्ये उभं राहून एकच प्रश्न विचारला.

"मांजरी? माशांना घेऊन मी मांजरीला जाऊ?"

लोक हसले, पण काकांनी विनोद केलेला नव्हता. मग ते माशांच्या हद्दीवर घसरले. चापमाशांत एक मोठा भाऊबंद आहे, त्याची मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि राखण करते. तिची हद्द खड्ड्यापुरती नसते, खड्ड्यापासून वर पाण्याच्या टोकापर्यंत रुंदावत जाते. पाणबुड्या घाबरून वर पळाला की आणखीच तिच्या हद्दीत सापडतो आणि चावे खातो. "वर किती चढायचं तो एफएसआय त्यांनी आधी शोधलाय," काका बिल्डरच्या माणसाला म्हणाले, "तू उशिरा आलास."

मग काकांनी काटा उभा केला. सेक्रेटरींनी समजावलं, वकिलानं धाक घातला, भाच्यानं अमेरिकेतून फोन केला. जितकं दाबलं तितके काका घट्ट. एकेक बिऱ्हाड निघून गेलं. आम्ही आणि काका उरलो. पाण्याचा पंप बंद व्हायची वेळ आली, आणि वीज गेली तर टाकीतली हवाही बंद होणार होती. काका रोज माझ्याकडे येऊन बसायचे. एकदा म्हणाले, "मेधा, नेताना ते दगावले तर तिचं काय उरलं गं घरात?" मी चहा केला.

शेवटी त्यांनी एकच अट घातली. आधी मासे जातील, मग काका. मांजरीला दुसरी टाकी लावली, काकांनी स्वतः जाऊन खारं पाणी तयार केलं आणि लोणच्यासारखं मुरू दिलं. ठरल्या दिवशी बिल्डरचे बोराटे टेम्पो घेऊन आले. मूळचे मांजरीचेच, उसाची जमीन असलेले, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी जिन्यातून एकामागून एक टब वर आणायला सुरुवात केली. हॉल भरला, टब गॅलरीपर्यंत गेले.

"काका, मासं किती हायेत ते सांगा, तेवढ्या टबात पाणी भरतो."

"एक."

बोराट्यांनी टाकीकडे पाहिलं, टबांकडे पाहिलं. "मग येवढं दिवस 'मासे जातील, मासे जातील' काय लावलं व्हतं?"

"आदरार्थी," काका म्हणाले.

"आदरापायी मी अख्खा टेम्पो आणला की हो!"

मासा हे सगळं एका डोळ्यानं बघत होता. टाकीतलं पाणी अर्ध्यावर आणलं तसा तो दगडातल्या भोकात शिरला आणि काटा उभा करून बसला. आतून घर्र घर्र आवाज काढायला लागला. बोराट्यांनी जाळी काढली, तर काका ओरडले, जाळीत काटा अडकून मोडतो. दगडासकट उचलायचं म्हटलं, तर दगड सरकून मासा चेंगरायची भीती. हात घालायची कुणाची छाती नव्हती, निखिलनं तर दोन्ही हात खिशातच घातले होते. छोटा काटा दाबायचा हे आम्हां सगळ्यांना पाठ होतं, पण तो भोकाच्या आत होता. पाणी गार पडत चाललं होतं, आणि माशाच्या पोटावरचे ठिपके मला मळकट दिसायला लागले.

काका दगडाजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आपण बाहेर यावं." मासा हलला नाही. पुन्हा म्हणाले. मग ते आतल्या खोलीतून गॅलरीत निघून गेले. "राहू दे सगळं," जाता जाता म्हणाले. "मी इथेच राहतो."

मला काय वाटलं कोण जाणे, मी स्वयंपाकघरात गेले. मांडणीवर काकूंचा मोठा डाव होता, त्याच्या शेजारी तो लांब दांड्याचा चमचा. काचेवर त्याची टकटक केली, मग त्यात कोळंबी घेऊन तो पाण्यात धरला. पुढचा शब्द माझ्या तोंडात बसलेला नाही. मी नवऱ्याला नावानं हाक मारते आणि चिडले की आडनावानं. निखिल आणि बोराटे दोघंही बघत होते, मला भयंकर लाज वाटली. तरी जमेल तसा काकूंचा सूर लावला.

"अहोऽ, जेवायला या!"

घर्र घर्र थांबलं. भोकातून आधी पिवळे ओठ आले, मग एक डोळा. काटा आडवा झाला आणि मासा तरंगत तरंगत चमच्याशी आला. बोराट्यांनी पाण्यातच खालून अलगद टब सरकवला. मासा त्यात कोळंबी खात बसला.

आणि त्याच वेळी गॅलरीतून काकांचा आवाज आला, नेहमीच्या कामातून मान वर न काढता दिल्यासारखा.

"आलो. हात धुतो."

मोरीतला नळ वाजला. आम्ही तिघं जागच्या जागी उभे राहिलो. काका ओल्या हातांनी हॉलच्या दारात आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं, आणि ते दारातच थांबले. हातांवरून पाणी फरशीवर गळत होतं. पुसायला ते पंचा शोधत नव्हते. बोराट्यांनी उगाचच टबाकडे बघायला सुरुवात केली.

मग काकांनी हात सदऱ्यालाच पुसले.

"'हो' एवढा लांबवायचा नसतो," ते म्हणाले. "चुकलीस. पुन्हा म्हण."

मासे केव्हाच टबात गेले होते. मी पुन्हा म्हटलं.