गडाचे दरवाजाचें बंधप्रकरण

श्रीगणेशास साष्टांग नमन करून आणि थोरांचे पायीं मस्तक ठेवोन, जें जैसें घडलें तैसें लिहिलें आहे. वाचणारांनीं चित्त देऊन वाचावें. शके सोळाशें अडतीस, दुर्मुख नाम संवत्सर, ते समयीं महाराजांचे राज्यांत घाटमाथ्यावर एक गड होता आणि गडावर सटवोजी घोगरे किल्लेदार होते. गृहस्थ शूर, देहानें भारी, मनानें निर्मळ, परंतु उतावीळ ऐसे कीं कोणाचें बोलणें अर्ध्यावरून पुढें ऐकिलें नाहीं. त्या वर्षीं शेजारचे राज्याचा सरदार निंबाजी वाघमोडे चालोन आला आणि गडाचा सागवानी दरवाजा जाळून गेला. महाराजांनीं हुकूम फर्माविला कीं, "आगीस दाद न देईल ऐसा दरवाजा करणें. पुन्हां गेला तर किल्लेदारीही गेली समजणें." सटवोजी तडक गडावरील रसायनी नारोशास्त्री यांजकडे गेले.

शास्त्री बोलिले, "पदार्थाचे कण एकमेकांस कोणत्या बंधानें धरून आहेत तें आधीं पाहावें. मिठांत सोडियमाचा कण आपला एक इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, क्लोरीनाचा कण तो घेऊन तृप्त होतो, मग दोघांवर उलट भार चढोन ओढ लागते. यास आयनिक बंध म्हणतात. ओढ ऐसी घट्ट कीं चुलीचे जाळानें मीठ वितळत नाहीं. परंतु—" तोंवर सटवोजी जिना उतरले होते. मग सैंधवाच्या शिळा आणविल्या आणि पांढरा शुभ्र दरवाजा उभा केला. निंबाजीनें येऊन आग लाविली, तो दरवाजा तडतडला मात्र, वितळला नाहीं, आणि सटवोजी तटावर मिशीस पीळ देते जाहले. मग हत्तीनें एक धडक दिली आणि दरवाजाचीं चौकोनी ढेकळें जाहलीं; परंतु हत्ती आंत न शिरतां वाटेंतच उभा राहून मीठ चाटूं लागला, मागील फौजेस रीघ मिळेना, वरून धोंडे पडले, आणि त्या दिवशीं गड हत्तीनें राखिला. शास्त्री म्हणाले, "धक्क्यानें थर सरकला म्हणजे सारखे भार समोरासमोर येऊन एकमेकांस ढकलितात, आणि मीठ फुटतें. तेंच सांगत होतों."

"मग न फुटणारें सांगा," सटवोजी म्हणाले. शास्त्री बोलिले, "तांबें. त्याचे कणांनीं आपापले इलेक्ट्रॉन सामायिक करून टाकिले आहेत, ते साऱ्या पिंडांत मोकळे फिरतात. थर सरकला तरी बंध तुटत नाहीं, म्हणोन तांबें वांकतें, फुटत नाहीं. हा धातूचा बंध. तथापि तेच मोकळे इलेक्ट्रॉन—" "उमगलें," म्हणोन किल्लेदार गेले, आणि गडावरील घरोघरचीं भांडीं गोळा करून भट्टींत घातलीं. त्यांचे कुटुंब चिमाबाई आपला हंडा देतांना इतकेंच बोलिल्या, "आतां पाणी कशांत भरूं तेंही शास्त्रीबोवांस विचारून या."

निंबाजी पुन्हां चालोन आला. हत्तीनें धडका दिल्या, दरवाजास पोचे पडले, तडा गेला नाहीं. सटवोजी इतके प्रसन्न जाहले कीं आंतल्या अंगानें दरवाजास पाठ टेकून विडा खाऊं लागले. मग निंबाजीनें बाहेर आग पेटविली, आणि त्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांनीं बाहेरची धग किल्लेदारांचे पाठीस पोंचती केली. ते कसे उडाले हें पाहिलेले पहारेकरी पुढें कित्येक वर्षें सांगत. अडसराशीं कोणास उभें राहवेना. टाक्याचें सारें पाणी ओतलें तेव्हां दरवाजा कसाबसा राहिला. सटवोजी पालथे पडोन राहिले. चिमाबाई पाठीस लोणी लावितां म्हणाल्या, "अहो, एकदां तरी पुरतें ऐकून घ्या." पुढचे खेपेस गड जाईल ही धास्ती किल्लेदारांस पाठीहून अधिक जाळीत होती.

मग शास्त्री स्वतः येऊन बसले आणि म्हणाले, "गारगोटीचा दगड घ्यावा. त्यांत सिलिकॉनाचा प्रत्येक कण चार ऑक्सिजनांशीं इलेक्ट्रॉनांची भागीदारी करून आहे. हा सहसंयुज बंध, आणि त्याची जाळी साऱ्या दगडभर. पाण्यांत विरत नाहीं, सहजीं वितळत नाहीं, कठीण तर फारच. मात्र किल्लेदार, ऐसे दगडानें वाट—" सटवोजी पालथेच ओरडले, "गवंडी बोलवा."

निंबाजी आला, आग केली, पाणी ओतलें, हत्ती आणिला, आणि हत्तीनेंच तोंड फिरविलें. मग निंबाजी कंटाळून सलूख करून गेला. महाराज खुशी होऊन मानाचीं वस्त्रें घेऊन जातीनें आले आणि पुसते जाहले, "दरवाजा कोठें आहे?" वरून सटवोजी बोलिले, "महाराज, बुजविला." मग किल्लेदारांस पाटींत बसवून तटावरून सुंभाचे दोरानें सोडिलें, अर्ध्यावर दोर खांचेंत अडकला आणि ते अधांतरीं लोंबते राहिले. नारोशास्त्री तटावरून वांकोन म्हणाले, "भिऊं नये. सुंभाचे तंतूंत हायड्रोजन बंध आहेत. एकेक दुबळा, परंतु अगणित मिळोन भार पेलितात. तथापि—" आणि संवयीनें थांबले.

सटवोजींनीं खालीं पाहिलें, मग वर पाहिलें, आणि हात जोडोन म्हणाले, "शास्त्रीबोवा, तथापि काय? सावकाश सांगा. मी कोठें जात नाहीं."

शास्त्री दिवेलागणीपर्यंत बोलिले. महाराजही बसोन ऐकते जाहले.

एवंच, गड राहिला, किल्लेदारी राहिली, तांब्याचा दरवाजा आटवून चिमाबाईंस नवा हंडा झाला, आणि सलूख जाहलाच होता म्हणोन गारगोटीची भिंत फोडून वाटेस पुन्हां सागवानी दरवाजा बसला.