खिळवून ठेवणारा सिनेमा

लोकशाहीत सदस्याचं मत ही पवित्र वस्तू आहे, आणि पवित्र वस्तू कुणी उघड्यावर ठेवत नाही. म्हणून अविश्वास ठराव आला की आपल्याकडे सदस्यांना सहलीला नेतात. मोठ्या सभागृहाचे सदस्य विमानाने जातात, पंचायत समितीचे आलिशान गाडीने, आणि ग्रामपंचायतीचे मिळेल त्या वाहनाने. फोन मात्र सगळ्यांचेच काढून घेतात. (यालाच समान संधी म्हणतात.)

आष्टीच्या पुढच्या एका गावाचे उपसरपंच भुजंगराव यांच्यावर असाच ठराव आला. मतदान चार दिवसांनी. त्यांच्या बाजूला साळूबाई, कचरूभाऊ आणि सोमेश्वर एवढेच सदस्य उरले होते. त्यातला एक जरी विरोधी गटाच्या अंगदकडे सरकला, तरी खुर्ची गेली. मतदानाच्या आदल्या दिवशी भुजंगरावांनी तिघांना जालन्यात आणलं. सकाळ देवदर्शनात गेली, दुपार जेवणात. पुढं काय, या विवंचनेत असताना टॉकीजवर एका राजकीय थरारपटाचं पोस्टर दिसलं : 'शेवटपर्यंत खुर्चीला खिळवून ठेवणारा!'

भुजंगराव हरखले. आपली माणसं खुर्चीला खिळलेली राहावीत, एवढीच तर त्यांची मागणी होती. आणि इथं तशी हमी छापून दिलेली होती. (छापील आश्वासन किती धरायचं असतं, हे स्वतः जाहीरनामे छापणाऱ्याला तरी कळायला हवं होतं.)

पडद्यावर मुख्यमंत्र्याचं सरकार पाडायचा कट शिजू लागला. काळ्या चष्म्यातली माणसं अंधाऱ्या खोल्यांत कुजबुजत होती, आणि एक गुप्त पेनड्राइव्ह या खिशातून त्या खिशात फिरत होता.

"एवढ्याशासाठी सरकार पडून राह्यलं?" कचरूभाऊ म्हणाले. "आपल्याकडं पंगतीत वांग्याची भाजी पुरली न्हाई म्हणून पडल्तं."

"अन् फोन बघा कुणाला करून राह्यले! फुटणाऱ्याला!" सोमेश्वरला हसू आवरेना. "त्याच्या सासऱ्याला करावा लागतो. बिलकुल अनुभव न्हाई यांना."

"गप बसा की! जरा खिळून ऱ्हावा," भुजंगरावांनी दटावलं.

साळूबाई खिळल्या होत्या, पण पडद्याला नाही. जात्यावरच्या चालीत त्या हळूच गुणगुणत होत्या :

"पडलं सरकार, पडलं गं पडद्यावरी,
म्हशीला माझ्या बाई, कोण घालील वैरण घरी?"

"मावशी, उद्याच्याला जाऊ की घरी."

"उद्याच्याला म्हैस मला वळखील का, भुजंगा?"

पडद्यावर पाठलाग सुरू झाला. गोळ्या सुटल्या, संगीत ऊर बडवू लागलं. त्या गदारोळात भुजंगरावांना, ठराव आल्यापासून पहिल्यांदाच, पाळण्यातल्या लेकरासारखी झोप लागली. डोळे उघडले तेव्हा पडद्यावरचं सरकार वाचलं होतं आणि शेजारच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

"तुमचे लोक मध्यंतरालाच गेल्ते," दारावरचा माणूस म्हणाला. "जीप आल्ती न्यायला."

अंगदची माणसं सकाळपासून मागावर होती, आणि हा सिनेमा अंगदने आदल्या दिवशीच पाहिला होता. मध्यंतरानंतर आत परत कुणी जात नाही, हे त्याला ठाऊक होतं. (दूरदृष्टीचं नेतृत्व ते हेच.) भुजंगरावांनी फोन लावायला घेतला, पण तिघांकडून काढून घेतलेले फोन भुजंगरावांच्याच खिशात होते.

दुसऱ्या दिवशी तिघांचे हात अंगदच्या बाजूने वर गेले. साळूबाई तेवढ्या जवळ येऊन म्हणाल्या, "राग धरू नको, लेकरा. त्यानं काहीच दिलं न्हाई. त्याची जीप गावाकडं चालल्ती, एवढंच."

ठराव मंजूर झाला. फटाके वाजले, गुलाल उडाला. हा ठराव गावच्या नळाला पाणी येत नाही म्हणून आणला होता. पाणी अजूनही येत नाही. ठराव कशाबद्दल आहे, हे सभेत कुणी विचारलं नाही. आणि कोण फुटतं ते बघायच्या नादात, वाचकहो, तुम्हीही नाही.