चेंडू गेला तरी नजर तिथेच

नजर म्हणजे काय चीज असते हे पाहायचं असेल, तर सिल्वासाजवळच्या सायली गावात यावं, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात शिरावं आणि क्वालिटी मॅनेजर श्रीकांत नेवे यांच्यासमोर पाच मिनिटं उभं राहावं. हे मी म्हणत नाही. हे खुद्द श्रीकांत नेवेच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत!

"केसाएवढा चरा माझ्या नजरेतून सुटत नाही," ते म्हणत. आणि खरं सांगायचं तर सुटतही नसे. मेहुणीच्या लग्नात जिलबीचा आकार ठरलेल्या मापात नाही म्हणून त्यांनी अख्खं ताट परत पाठवलं होतं. वाढपी बिचारा परातीसकट पळाला. सासरच्यांनी त्या दिवसापासून त्यांना पंगतीच्या शेवटी बसवायला सुरुवात केली, पण श्रीकांतना त्यातही मानच दिसला. शेवटची तपासणी, म्हणजे फायनल इन्स्पेक्शन!

तर अशा माणसासमोर मोठ्या शेठनी नजरेचीच परीक्षा ठेवली.

मोठे शेठ मुंबईला असतात, महिन्यातून दोनदा सिल्वासाला येतात. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं, आणि नुसतं चालणं हे गरिबाचं काम वाटल्यामुळे त्यांनी बासष्टाव्या वर्षी गोल्फ धरला. त्यातही एका गोष्टीने त्यांना पछाडलं. गोल्फमधला तो शेवटचा हलका फटका असतो ना, चेंडू अलगद होलमध्ये ढकलायचा, ज्याला पटिंग म्हणतात, तो! ऑफिससमोर झुंबर माळ्याने जिवापाड जपलेली हिरवळ होती. तिच्या मधोमध शेठनी भोक पाडून घेतलं. झुंबर दोन दिवस जेवला नाही.

पुढच्या महिन्यात प्लांट हेडची खुर्ची रिकामी होणार होती. तिच्यावर डोळा दोघांचा. एक आपले श्रीकांत, अकरा वर्षं वाट पाहून थकलेले. दुसरा प्रॉडक्शनचा शंतनु रास्ते, पुण्याहून आलेला, तीनच वर्षं झालेली, पण वाट पाहणं हा प्रकार ज्याला ठाऊकच नाही असा.

शेठनी दोघांना हिरवळीवर बोलावलं आणि आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले,

"जुओ भाई, शनिवारी दोघांनी एकेक बॉल मारायचा. बॉल आत गेला, नाही गेला, मला काही फरक नाही. मी तुमचे डोळे बघणार! मारताना माणूस कुठे बघतो, त्यावरून तो कारखाना कसा चालवेल ते मला समजतं."

श्रीकांतना वाटलं, शेठनी पेपरच फोडून हातात दिला! घरी येऊन त्यांनी बायकोला, सुप्रियाला, बुटांसकट स्वयंपाकघरात गाठलं.

"सुप्रिया, खुर्ची आपली! नजरेचं काम आहे. एक आठवडा दे मला."

"आधी बूट काढा."

आता प्रश्न एवढाच होता की बघायचं कुठे? त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ लावून पहिल्या गोऱ्या प्रशिक्षकाला विचारलं. तो म्हणाला, चेंडूच्या पाठीवर बघा. दुसरा म्हणाला, चेंडूकडे बघणारे मूर्ख, होलकडे बघा. तिसऱ्याच्या मते दोन्ही चूक, चेंडूच्या पुढे वीतभर अंतरावर गवताचं एक पातं निवडा आणि त्याच्याशी मनोमन बोला. चौथी बाई होती. तिने सांगितलं की प्रत्येकाचा एक डोळा मालक असतो आणि दुसरा नोकर. मालक कोणता ते आधी ओळखा.

श्रीकांतनी छत्रीच्या मुठीने सराव सुरू केला. होल म्हणून स्टीलचा पेला आडवा ठेवला. चेंडूकडे बघितलं तर चेंडू पेल्याशेजारून गेला. पेल्याकडे बघितलं तर छत्री चेंडूशेजारून गेली. पात्याच्या ऐवजी फरशीवरचा एक डाग निवडला, तर सुप्रियाने तो तेवढ्यात पुसून टाकला!

"अगं, माझा संदर्भबिंदू होता तो!"

"वरणाचा होता."

एक डोळा मिटून बघितलं तेव्हा चेंडू थेट गॅसच्या सिलिंडरला लागला आणि शेजारच्या फ्लॅटमधून "काय झालं?" अशी हाक आली.

मग सापडला पाचवा प्रशिक्षक. टक्कल पडलेला, शांत, हळू बोलणारा. तो म्हणाला, चेंडू जिथे होता, तिथेच, तो निघून गेल्यावरही बघत राहा. मनात तीन आकडे मोजा. चेंडूमागे नजर पळाली की मान उचलली जाते आणि फटका वाया जातो. ही सवय हाडात मुरवा. दिवसरात्र पाळा. एकदा जरी मोडली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

वस्तू गेली तरी नजर जागेवर! श्रीकांतना हे इतकं पटलं की त्यांनी ताबडतोब तीन पानांची कार्यपद्धती लिहिली, तिला क्रमांक दिला आणि तयार करणारा, तपासणारा, मंजूर करणारा अशा तिन्ही जागी स्वतःच सह्या केल्या. आणि दिवसरात्र म्हणजे दिवसरात्र. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना लेखी सूचना पाळायला लावल्या, तो स्वतःची कशी मोडेल?

सकाळी सुप्रियाने त्यांच्यासमोरचा चहाचा कप उचलला. श्रीकांत कप होता त्या जागेकडे बघत राहिले.

"अहो, मी इकडे आहे!"

"एक... दोन... तीन. हं, बोल."

"काही नाही. माहेरी फोन करते जरा."

कारखान्यात प्रकरण आणखी पुढे गेलं. तपासणीच्या टेबलावर सरुबाई बसते. शिरपूरकडची, बारा वर्षांचा अनुभव असलेली. एरवी साहेबांशी नीट मराठीत बोलते, पण दचकली की अहिराणी वर येते. तिने एक चरा पडलेलं झाकण साहेबांसमोर ठेवलं, त्यांनी मान डोलावली, तिने ते उचललं. साहेब रिकाम्या टेबलाकडे बघतच राहिले.

"साहेब?"

साहेबांची नजर टेबलावरच.

"साहेब, झाकन तं मन्हा हातमा शे! तुम्ही कोठे देखी राह्यनात?"

"तीन. बोला सरुबाई."

 सरुबाईने सकाळच्या चहाच्या सुट्टीत झुंबरला गाठलं. "साहेबांचे डोळे गेले रे!"

झुंबर हिरवळीच्या दुःखात होता, पण ही बातमी ऐकून त्याला थोडं बरं वाटलं. त्याने ती कँटीनमध्ये नेली. जेवणाच्या वेळेपर्यंत साहेबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. तीन वाजता दोन्ही डोळ्यांत. संध्याकाळच्या पाळीला आलेल्या माणसांना कळलं की साहेब घरी भिंत धरून चालतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर पॅकिंगवाल्यांकडून दोन किलो गाजरं आली, स्टोअरमधून आवळ्याचा मुरंबा आला, आणि खानवेलच्या एका वैदूचं काळं अंजन कुणीतरी नाव न लिहिता ठेवून गेलं. श्रीकांतना वाटलं, खुर्ची मिळणार याचा वास लोकांना लागला! त्यांनी गाजरं मोठ्या मनाने स्वीकारली.

शंतनुच्या मनात मात्र करुणा दाटून आली. माणसाची करुणा ओळखायची एक खूण मी नोंदवून ठेवली आहे. ती लेखी आली की जपून राहावं. शंतनुने मेल टाकला. आमचे मोठे ग्राहक अट घालतात की झाकणांच्या तपासणीवर जो सही करतो, त्याच्याकडे डोळ्यांचा चालू वर्षाचा दाखला पाहिजे. श्रीकांतसरांचा दाखला गेल्या महिन्यात संपलेला दिसतो. "त्यांच्या प्रकृतीच्या काळजीपोटी लिहितो. त्यांना एकटं वाटू नये म्हणून मीसुद्धा माझे डोळे तपासून घेईन."

शुक्रवारी डॉक्टरीणबाई कारखान्याच्या दवाखान्यात आल्या. शंतनुने तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. मग तो शेजारच्याच खुर्चीत बसून राहिला, आधार म्हणून.

श्रीकांतनीही तक्ता वाचला, तोसुद्धा उलटा आणि सुलटा. खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. बाई खूश झाल्या. मग त्यांनी बोट वर केलं.

"माझ्या बोटाकडे बघा. आता बोट जाईल तिकडे नजर न्यायची."

बोट उजवीकडे गेलं. श्रीकांतची नजर जागेवर.

"बोट इकडे आहे."

"एक... दोन..."

बोट डावीकडे गेलं. नजर पुन्हा जागेवर. श्रीकांतच्या मनात काय घालमेल चालली होती म्हणून सांगू! बोटामागे नजर गेली तर पाच दिवसांची तपश्चर्या पाण्यात, आणि उद्याच शनिवार! बाईंना खरं सांगावं, तर शेजारी शंतनु कान टवकारून बसलेला. तंत्र आयतं त्याच्या पदरात! ते मोजतच राहिले.

"कधीपासून होतंय असं?" बाईंनी आवाज मऊ केला.

"सोमवारपासून," श्रीकांत प्रामाणिकपणे म्हणाले.

बाईंनी लिहिलं, "नजर हलत्या वस्तूच्या मागे जात नाही. वापीच्या तज्ज्ञांकडे पाठवावे. तोपर्यंत दृश्य तपासणीस अयोग्य." शंतनुने स्वतःचा दाखला सूचनाफलकावर चार टाचण्यांनी लावला.

शनिवारी सकाळी सगळा कारखाना हिरवळीभोवती जमला. शेठनी हात वर केला.

"बॉलकडे कोणी बघायचं नाही! सगळ्यांनी यांच्या डोळ्यांकडे बघा. मग मला सांगा."

पहिला शंतनु. त्याने चेंडूकडे पाहिलं, होलकडे पाहिलं, शेठच्या तोंडाकडे पाहिलं, आणि शेठ खूश आहेत का ते बघता बघताच फटका मारला. चेंडू कुठे गेला हे त्यालाही कळलं नाही.

"चलो, दुसरा!" शेठ घाईला आले होते.

श्रीकांत उभे राहिले. चेंडूवर नजर रोवली. फटका! टक् असा आवाज आला आणि चेंडू निघून गेला. श्रीकांत गवताकडे बघत राहिले. एक. दोन. तीन. खबरदारी म्हणून त्यांनी दहापर्यंत मोजलं. मग हळूच मान वर केली.

"गेला का आत?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"अरे, गेला का?"

"साहेब," झुंबर म्हणाला, "आम्ही तुमच्या डोळ्यांकडे बघत होतो."

"सरुबाई, तुम्ही?"

"डोळ्यांकडेच, साहेब. शेठचा हुकूम."

"शेठ?"

"मी पण!" शेठ वैतागले. "झुंबर, जा, बघ."

झुंबरने होलमध्ये हात घातला. एक चेंडू निघाला. दुसरा जास्वंदीखाली सापडला. दोन्ही पांढरे, दोन्ही एकाच डब्यातले, दोन्हींवर टिंबभरही खूण नाही.

"आतला माझा!" शंतनु म्हणाला.

"कशावरून?" श्रीकांत म्हणाले.

"मला जाणवलं!"

श्रीकांतनी दोन्ही चेंडू उन्हात धरून पाहिले. रोज लाखो झाकणांवर बॅच नंबर टाकून घेणारा माणूस, आणि स्वतःच्या एका चेंडूवर साधी रेघ मारायला विसरला होता!

शेठ मटकन खुर्चीत बसले. "अरे भाई, मला क्लबमध्ये चार लोक चार सांगतात. बॉल बघ, होल बघ, गवत बघ! माझा एक बॉल आत जात नाही. मला वाटलं, तुम्ही शिकलेले लोक कुठे बघता ते बघून मला कळेल. आता हा माझ्या तोंडाकडे बघतो आणि हा जमिनीकडे बघून आकडे मोजतो. मी कुठे बघू?"

म्हणजे स्वभावाची परीक्षा वगैरे काही नव्हतं! शंतनु हुशार, त्याने गोंधळाचा फायदा घेतला. "शेठ, श्रीकांतसरांना दोष देऊ नका. त्यांना दिसतच नाही. हे बघा, डॉक्टरांनी लिहिलंय."

शेठनी कागद वाचला आणि ताडकन उठले. "आणि मंगळवारी ग्राहकाचा ऑडिटर येतोय! झाकणांवर सही कोण करणार? दाखला कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे, शेठ!" शंतनुची छाती फुगली. "कालचाच! फलकावर लावलाय!"

"बस, मग ठरलं. आजपासून तू क्वालिटी."

फुगलेली छाती जागच्या जागी बसली. "पण शेठ, प्लांट हेड..."

"तिथे श्रीकांत. त्या खुर्चीला डोळ्यांचा दाखला लागत नाही. आजपर्यंत कुठे कोणी बघून चालवलाय हा प्लांट?"

टाळ्या पडल्या. सरुबाईने पदर डोळ्यांना लावला. श्रीकांत इतके भारावले की त्यांच्यातला क्वालिटीवाला जागा झाला आणि खरं बोलून गेला.

"शेठ, तुमचे उपकार! पण एक सांगतो, माझे डोळे अगदी ठणठणीत आहेत!"

"ठणठणीत?" शेठचा चेहरा उजळला. "मग प्रॉब्लेम काय? तूच राहा क्वालिटीत! शंतनु, तू..."

श्रीकांतनी शेठकडे पाहिलं. शंतनुकडे पाहिलं. मग कुणीही नसलेल्या जागेकडे पाहत हात पुढे केला आणि जास्वंदीचं झाड चाचपलं.

"ठणठणीत *होते*, शेठ. आता काय... सगळं धूसरच."

या गोष्टीला सहा महिने झाले. श्रीकांत नेवे प्लांट हेड आहेत. गाजरं अजून येतात आणि त्यांना ती सगळ्यांदेखत खावी लागतात. वापीच्या तज्ज्ञांची तारीख त्यांनी चार वेळा पुढे ढकलली आहे. शॉप फ्लोअरवर फिरताना केसाएवढा चरा त्यांना दहा फुटांवरून दिसतो, जीव तळमळतो, आणि ते तसेच पुढे जातात. परवा बाजारात मी समोरून हात केला, तर आरपार बघत निघून गेले. बिचाऱ्याला ओळख दाखवता येत नाही, हे मला माहीत आहे. पण गाव म्हणतं, पद मिळालं आणि माणूस चढला.